कागदावर नसलेली कब्रस्ताने

भोसरी आणि मोशी मागे टाकून इंद्रायणीचा पूल ओलांडला की नाशिक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती सुरू होतात. कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, आंबेठाण, वराळे, सावरदरी. एका पिढीपूर्वी ही नावे कांदा, बाजरी आणि बैलगाडा शर्यतींमुळे माहीत असायची. आज ती गाड्यांच्या कारखान्यांमुळे आणि ट्रकच्या रांगांमुळे माहीत आहेत.

या भिंतींच्या अधेमधे, एखाद्या गोदामाच्या मागे किंवा नव्या सोसायटीच्या पार्किंगला लागून, एखादा तुकडा मोकळा राहिलेला दिसतो. वेडी बाभूळ वाढलेली असते, बांधकामाचा राडारोडा टाकलेला असतो. गवतात नीट पाहिले तर अर्धे जमिनीत गेलेले दगड दिसतात. सगळे एकाच दिशेने, उत्तर-दक्षिण. मग कळते की हे गावाचे जुने कब्रस्तान आहे.

गावातल्या सत्तरीच्या माणसाला विचारले तर तो लगेच सांगतो, "हां, ते मुसलमानांचं." तलाठ्याच्या कागदात विचारले तर बऱ्याचदा उत्तर मिळत नाही. या दोन उत्तरांमधल्या अंतराबद्दल मला लिहायचे आहे. गावाला माहीत असलेली आणि कागदाला माहीत नसलेली जागा या पट्ट्यात फार दिवस टिकत नाही.

या मातीत कोण आहे?

चाकणचा इतिहास म्हटला की शाळेत आपण एकच प्रसंग शिकवतो, १६६० चा वेढा. मीही तो दरवर्षी शिकवतो. शाहिस्तेखानाने जूनमध्ये संग्रामदुर्गाला वेढा घातला, फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर शिबंदीनिशी तो ५६ दिवस झुंजवला, आणि अखेर सुरुंगाने बुरूज उडाल्यावर ऑगस्टमध्ये किल्ला पडला. मुघलांनी चाकणचे नाव बदलून इस्लामाबाद ठेवले. ते नाव लोकांच्या तोंडी टिकले नाही, चाकण चाकणच राहिले.

जदुनाथ सरकारांनी या वेढ्यात मुघलांकडचे २६८ जण ठार आणि ६०० जखमी झाल्याचा आकडा दिला आहे. आपण हा आकडा वाचतो आणि पुढे जातो. पण पावसाळ्याच्या ऐन मध्यावर मेलेली ही माणसे कुठे गेली असतील? जे हिंदू होते त्यांना तिथेच अग्नी दिला गेला असेल. जे मुसलमान होते ते याच मातीत गेले असणार. आषाढ-श्रावणात प्रेत दिल्लीला किंवा औरंगाबादला नेणे शक्य नव्हते.

त्याआधी दोनशे वर्षे मागे गेलो तर चाकणमध्ये याहून मोठा आणि विसरला गेलेला मृत्यू आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यात बहामनी सुलतान दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशाहाने मलिक-उत-तुज्जार खलफ हसन बसरी याला कोकणच्या मोहिमेवर पाठवले. त्याचा तळ चाकणला होता. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड घेण्याच्या नादात तो शिर्के आणि मोरे यांच्या डावात सापडला आणि घनदाट जंगलात फौजेसह मारला गेला. जे वाचले ते चाकणच्या किल्ल्यात परतले.

पुढे जे घडले ते आपल्या आजच्या सोप्या हिशेबात बसत नाही. दरबारात दख्खनी आणि आफाकी म्हणजे परदेशी असे दोन गट होते. दख्खनी सरदारांनी सुलतानाचे कान भरले की चाकणमधले परदेशी बंड करणार आहेत. हुकूम मिळवून त्यांनी किल्ल्याला वेढा घातला, नंतर अभय दिले, मेजवानीला बोलावले आणि कत्तल केली. फरिश्त्याच्या म्हणण्यानुसार बाराशे सय्यद आणि सुमारे हजार इतर परदेशी मारले गेले. मारणारेही मुसलमान होते आणि मरणारेही.

चाकणच्या इतिहासात या मृतांची एक ओळ आहे, जमिनीवर एक दगडही नाही. मराठीत या भागाचा इतिहास लिहिताना हा प्रसंग फार थोडे लोक नोंदवतात. जिथे कबर उरत नाही तिथे हळूहळू गोष्टही उरत नाही, याचे हे आपल्या दारातले उदाहरण आहे.

सरदारांच्या पलीकडची माणसे

पण गावच्या कब्रस्तानात झोपलेले बहुतेक लोक सरदार नाहीत, शिपाईही नाहीत. ते मुलाणी आहेत, शिकलगार, पिंजारी, अत्तार, तांबोळी, बागवान, कसाब आहेत. गावगाड्यात मुलाण्याचे काम ठरलेले होते. जनावर हलाल करायचे, मशिदीची आणि पिराची दिवाबत्ती करायची. त्याबदल्यात त्याला धान्याचा वाटा आणि कुठे कुठे इनामाची जमीन मिळे. शिकलगाराने विळ्या-कोयत्यांना धार लावायची, पिंजाऱ्याने गाद्यांचा कापूस पिंजायचा. गावाचे त्यांच्यावाचून आणि त्यांचे गावावाचून चालत नव्हते. शिवाजी महाराजांनी पीर आणि मशिदी यांची चालत आलेली व्यवस्था पुढे चालू ठेवली, हे कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले आहे. पेशवाईतही अशा इनामांच्या नोंदी होत राहिल्या.

या नोंदी कोणत्या लिपीत आहेत? मोडीत. आमच्या घराघरांत एक समजूत असते की आपला इतिहास उर्दूत किंवा फारसीत असणार. मी उर्दू शिकवतो, तिच्यावर माझा जीव आहे. पण मावळातल्या किंवा खेड तालुक्यातल्या मुलाण्याच्या पणजोबाचे नाव शोधायचे असेल तर उर्दू कामाला येत नाही. त्याचे नाव, त्याचा वाटा, त्याच्या पिराची जमीन आणि त्या जमिनीच्या चतुःसीमा हे सगळे मोडी लिपीत, मराठी भाषेत आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे ज्याला आपण पेशवे दफ्तर म्हणतो तिथे, असे रुमाल बांधून ठेवलेले आहेत. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने जी चौकशी केली तिचे कागदही मोठ्या प्रमाणात मोडीतच आहेत.

मराठी मुसलमानाला वारंवार विचारले जाते, तुम्ही इथले कधीपासून? या प्रश्नाचे उत्तर भाषणात देता येत नाही. ते दोन ठिकाणी आहे. एक मोडीच्या रुमालात आणि दुसरे गावाबाहेरच्या त्या बाभळीच्या तुकड्यात. पहिले वाचणारा आमच्यात उरला नाही आणि दुसरे राखणारा उरला नाही.

टिकलेल्या कबरी काय सांगतात

या पट्ट्यात सगळ्याच कबरी हरवल्या असे नाही. चार ठिकाणे अशी आहेत जी टिकली. ती का टिकली हे पाहिले तर बाकीच्यांचे काय चुकले ते कळते.

पहिले ठिकाण राजगुरुनगर, म्हणजे जुने खेड. गावाबाहेर दिलावरखानाचा मकबरा आणि शेजारी मशीद आहे. काळ १६१३ चा, म्हणजे निजामशाहीत मलिक अंबरचा अंमल होता तेव्हाचा. घुमट, कमानी, जाडजूड दगडी भिंती अजून उभ्या आहेत. हे स्मारक केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीची अट आहे. दिलावरखान कोण होता हे आज तालुक्यातल्या शंभरात एकाला सांगता येणार नाही. तरी त्याची कबर टिकली, कारण ती यादीत आहे.

दुसरे ठिकाण देहूचे. अनगडशाह बाबांचा दर्गा. तुकोबांशी जोडलेली एका फकिराची ही जागा. तुकोबांची पालखी देहूतून आकुर्डीकडे निघते तेव्हा पहिली अभंग-आरती या दर्ग्यापाशी होते. पालखी सोहळा नारायण महाराजांनी १६८५ मध्ये सुरू केला, असे मानले जाते. इथे वर्षाला लाखो पावले थांबतात. एखाद्याने या जागेवर भिंत घालायची म्हटली तर त्याला अख्ख्या वारीला उत्तर द्यावे लागेल. ही कबर लोकांनी राखली.

तिसरे ठिकाण वडगाव मावळचे. १७७९ च्या जानेवारीत इंग्रज फौज बोरघाटातून पुण्यावर चालून आली आणि वडगावला मराठ्यांपुढे तिला तह करावा लागला. त्या मोहिमेत ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने मारला गेला. मराठ्यांनी या शत्रूच्या शौर्यावर खूश होऊन त्याला नाव दिले इस्टुर फाकडा. वडगावात त्याची समाधी आहे आणि लोक तिला मानतात. चालून आलेल्या परक्या धर्माच्या माणसाची कबर गावाने अडीचशे वर्षे सांभाळली. मावळच्या मातीचा स्वभाव यावरून कळतो. कबर म्हटली की गाव तिच्या विरोधात असते, असे ज्यांना वाटते त्यांनी वडगावला जाऊन यावे.

चौथे ठिकाण खडकीचे, दापोडीच्या पुलापलीकडे. तिथल्या युद्ध-कब्रस्तानात दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे देखभालीची खात्री नव्हती, तिथून त्या इथे आणल्या गेल्या. शेजारच्या स्मारकावर पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावे कोरली आहेत. त्यांच्या कबरी ठिकठिकाणच्या छावणी-कब्रस्तानांत होत्या आणि आता त्यांची निगा राखणे शक्य नाही. कबर राखता येत नाही म्हटल्यावर निदान नाव राखायचे, असे ते ठरवतात. १९७६ पासून ब्रिटनमध्ये एक संस्था दक्षिण आशियातल्या युरोपीय कब्रस्तानांच्या नोंदी करत आली आहे, कबरींवरचे लेख उतरवून पुस्तके छापत आली आहे. हजारो मैलांवरून ते हे काम करतात. आपले कब्रस्तान घरापासून दोन किलोमीटरवर असते.

या चारही ठिकाणांचा हिशेब सारखाच आहे. कबरीला टिकायला कागद लागतो किंवा पावले लागतात. दोन्ही असतील तर उत्तम, एक असले तरी चालते. दोन्ही नसतील तर संगमरवरही वाचवत नाही.

जागा नाहीशी कशी होते

लोकांना वाटते कब्रस्तानावर कोणीतरी रात्रीतून अतिक्रमण करतो. तसेही होते. पण बहुतेक वेळा जागा आधी कागदावरून जाते आणि मग जमिनीवरून.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी झाली तेव्हा गावच्या कब्रस्तानाला कधी स्वतंत्र सर्व्हे नंबर मिळाला, कधी ते गावठाणात राहिले, कधी गायरानात. आणि कित्येकदा ते एखाद्या शेतकऱ्याच्या सर्व्हे नंबरच्या पोटात राहिले. अशा तुकड्याला महसुली भाषेत पोटखराबा म्हणतात. पोटखराब्याचे दोन वर्ग असतात. वर्ग 'अ' म्हणजे खडकाळ, नापीक जागा. वर्ग 'ब' म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली, रस्त्याखालची, पाण्याखालची किंवा दफन-दहनासाठी वापरली जाणारी जागा, जिच्यावर आकारणी होत नाही. कागदावर फक्त "पो.ख. ०.१२" एवढेच असते. त्या बारा गुंठ्यांत गावाच्या दहा पिढ्या आहेत हे त्या आकड्यावरून कुणाला कळणार?

शेती होती तोवर याने काही बिघडत नव्हते. मालकाला माहीत होते, त्याच्या बापाला माहीत होते, नांगर त्या बांधापाशी वळत होता. मग कारखाने आले. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळ आले, १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. नव्वदच्या दशकापासून चाकणची पाळी आली. जमीन एका हातातून दुसऱ्या हातात, तिथून तिसऱ्या हातात गेली. संपादनाची आणि विक्रीची मोजणी कागदावरून होते. नव्या मालकाला नांगर कुठे वळत होता ते माहीत नसते. तो पूर्ण क्षेत्राचे पैसे मोजतो आणि पूर्ण क्षेत्राला भिंत घालतो. त्याला दोष देऊन भागत नाही.

एका गावचे प्रकरण मी जवळून पाहिले. गावाचे नाव लिहीत नाही, कारण बोलणी चालू आहेत. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर "इतर हक्क" या रकान्यात मुसलमानांच्या कब्रस्तानाची एक ओळ होती. नंतरच्या संगणकीय उताऱ्यात ती नव्हती. कोणी मुद्दाम काढली असे म्हणता येत नाही, टंकताना राहिली असेल. पण ती परत चढवण्यासाठी जमातीच्या चार माणसांना दीड वर्ष खेटे घालावे लागले, आणि जुना उतारा एका म्हाताऱ्याच्या ट्रंकेत सापडला म्हणून ते शक्य झाले.

पावलांचेही असेच झाले. गावातली मुसलमान घरे आधीच दहा-पंधरा. त्यातली अर्धी कामासाठी भोसरी, पिंपरी, मुंबईला गेली. शहरात मय्यत झाली तर शहरातच दफन. शब-ए-बरातला गावच्या कबरींवर जाणारे वर्षागणिक कमी झाले. एका पिढीने येणे थांबवले की पुढच्या पिढीला वाटही माहीत राहत नाही.

जतन म्हणजे बांधकाम का?

इथे आमच्यातलाच एक प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. जतनाची गोष्ट काढली की एखादे मौलाना म्हणतात, इस्लाममध्ये कबर पक्की करायला मनाई आहे, मग हे कशाला? हदीसमध्ये कबरीवर चुना लावणे, तिच्यावर इमारत बांधणे आणि तिच्यावर बसणे या तिन्ही गोष्टींना मनाई आली आहे, हे खरे आहे. पण त्यातली तिसरी गोष्टही तितकीच वाचा. ज्या दीनने कबरीवर बसूही नका म्हटले, त्याला तिच्यावर ट्रक उभा केलेला चालेल का? कबरींना भेट द्यावी, त्यातून आखिरतची आठवण राहते, हेही हदीसमध्येच आहे.

म्हणून मी जतन म्हणतो तेव्हा सिमेंट, फरशी आणि रंग यांबद्दल बोलत नाही. कच्ची कबर कच्चीच राहू दे. हद्द ठरलेली असावी, कुंपण असावे, तण काढलेले असावे आणि वही लिहिलेली असावी, एवढेच म्हणतो.

उलट बाजूचा धोकाही सांगायला हवा. एखादा जुना बेवारस दगड दिसला की कोणीतरी त्यावर हिरवी चादर टाकतो, चार महिन्यांत चौथरा होतो, वर्षभरात पत्र्याची शेड आणि एक नाव. शहीद बाबा, मस्तान बाबा, काहीही. गोष्ट तयार केली जाते. यात दोन नुकसाने आहेत. जी खरी व्यक्ती तिथे आहे, एखादी मुलाण्याची बायको असेल, एखादा शिकलगार असेल, तिची ओळख कायमची पुसली जाते. आणि दुसरे म्हणजे उद्या खऱ्या, जुन्या कब्रस्तानाबद्दल बोलायला गेलो की समोरचा म्हणतो, तुमचे हे रोजचेच आहे. खोट्या एका दर्ग्याने खऱ्या दहा कब्रस्तानांचा पुरावा कमकुवत होतो.

जुनी कबर ओळखण्याची साधी लक्षणे आहेत. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, म्हणून कबर उत्तर-दक्षिण, डोके उत्तरेला. मध्ययुगीन दगडी कबरीवर मधोमध लांबट उंचवटा असेल, ज्याला कलमदान म्हणतात, तर ती पुरुषाची. वर सपाट पाटी म्हणजे तख्ती असेल तर ती बाईची. उशाशी दिव्यासाठी कोनाडा किंवा दगडी चिरागदान दिसते. एवढे माहीत असले तरी आपण त्या दगडावर भलते नाव चिकटवणार नाही. लिंगायत, गोसावी, जंगम या समाजांतही दफनाची चाल आहे, त्यांच्या समाध्यांवर नंदी, पिंड किंवा पादुका दिसतात. त्यांच्या दफनभूमींची या पट्ट्यातली गतही आपल्यासारखीच आहे. हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही.

आता घाई का आहे

पश्चिम महाराष्ट्रात मशिदी, दर्गे, कब्रस्ताने यांच्या नोंदी बराच काळ धर्मादाय आयुक्तांकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली होत होत्या. राज्याचे वक्फ मंडळ २००२ मध्ये स्थापन झाले. या दोन दफ्तरांच्या मधे छोट्या गावांची कब्रस्ताने कुठेच न नोंदता राहून गेली. त्यांचा आधार एवढाच होता की पिढ्यान्‌पिढ्या तिथे दफन होत आले. कायद्यात याला वापरातून झालेला वक्फ म्हणत आणि त्याला मान्यता होती.

८ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने यापुढे अशा वक्फला मान्यता राहिली नाही. आधीच नोंदलेले असेल आणि ते वादात किंवा सरकारी जागेवर नसेल तर ते टिकते. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात काही कलमांना स्थगिती दिली, या तरतुदीला नाही. कायद्यावर मतभेद आहेत, खटला चालू आहे, त्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. माझे म्हणणे व्यवहाराचे आहे. "आम्ही शेकडो वर्षे इथे पुरत आलो" हे वाक्य आता एकटे पुरेसे नाही. त्याच्यासोबत कागद ठेवावा लागेल.

कागद कुठे मिळतो? सातबारा आणि जुने फेरफार तलाठ्याकडे आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात. गाव नकाशा, आकारबंद आणि जुनी मोजणीची कागदपत्रे भूमी अभिलेख कार्यालयात. दुमाला म्हणजे इनाम जमिनींची नोंद गाव नमुना तीनमध्ये. ट्रस्टची नोंद धर्मादाय कार्यालयात. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत किंवा ठरावांच्या पुस्तकात दफनाचा, कुंपणाचा, वाटेचा उल्लेख सापडू शकतो. हद्द नक्की करायला सरकारी मोजणीचा अर्ज करता येतो. वेगळी जागा कब्रस्तानासाठी राखून ठेवण्याचा अधिकार महसूल संहितेच्या कलम २२ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना आहे. आणि जिथे जाणूनबुजून कबरींची विटंबना होते तिथे भारतीय न्याय संहितेचे कलम ३०१ आहे, जे पूर्वी दंड संहितेत २९७ होते. यातले काहीच गुप्त नाही. फक्त कोणीतरी एक दिवस रजा टाकून रांगेत उभे राहावे लागते.

शाळेतून काय करता येईल

माझ्या वर्गात आता निम्मी मुले बाहेरून आलेल्या घरांतली आहेत. मराठवाडा, उत्तर प्रदेश, बिहार. वडील चाकणच्या किंवा तळवड्याच्या कारखान्यात कंत्राटी कामावर. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, अब्बू म्हणतात आपण इथलेच झालो. मग इथे आपलं कब्रस्तान कोणतं?" वर्गात कोणी हसले नाही. त्याच्या आजीचे दफन कुठे करायचे यावरून त्या घराला एक रात्र आणि अर्धा दिवस फिरावे लागले होते. शहरातली जागा भरलेली, गावातल्या जागेचा वाद, आणि मय्यत घरात.

म्हणजे हा प्रश्न मेलेल्यांपुरता नाही. मृतदेहाची पूर्ण माती झाल्यावर त्याच जागी पुन्हा दफन करायला बहुसंख्य फुकहांची परवानगी आहे. गावची जुनी कब्रस्ताने कागदावर सुरक्षित झाली तर ती या पट्ट्यात राबणाऱ्या नव्या लोकांच्याही कामाला येतील. जुन्यांची जागा राखणे हीच नव्यांची सोय आहे. आणि नव्यांची पावले वळली की जुन्यांचीही राखण होते.

त्या मुलाच्या प्रश्नानंतर आम्ही वर्गात एक वही सुरू केली. प्रत्येक मुलाने आपल्या राहत्या गावातल्या एका वृद्ध माणसाला, तो कोणत्याही धर्माचा असो, चार प्रश्न विचारायचे. जुने कब्रस्तान कुठे आहे? वाट कोणाच्या शेतातून जाते? शेवटचे दफन कोणाचे आठवते? तिथे कोणते झाड होते? उत्तर देणाऱ्यांत बहुसंख्य हिंदू शेतकरी आहेत आणि त्यांची आठवण आमच्यापेक्षा पक्की आहे. एका आजोबांनी मुलांना बांधावर नेऊन दाखवले की त्यांचे वडील कुठून नांगर वळवत. अशी माणसे अजून आहेत, फार वर्षे नसतील. त्यांची सही असलेला जबाब हा उद्या मोठा पुरावा ठरू शकतो.

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. येत्या सुट्टीत आपल्या मूळ गावी जा. कब्रस्तानात फातिहा पढा, मोबाइलमध्ये चारही कोपऱ्यांचे फोटो तारखेसह काढा, ज्या कबरींची नावे घरातल्या बुजुर्गांना आठवतात ती त्याच दिवशी लिहून घ्या. मग तलाठ्याकडे जाऊन त्या सर्व्हे नंबरचा जुना आणि नवा असे दोन्ही उतारे काढा आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. एखाद्या तरुणाला मोडी शिकायला पाठवा. पुण्यात त्याचे वर्ग चालतात, आणि लिपी काही महिन्यांत हाती लागते.

चाकणच्या त्या बाराशे सय्यदांसाठी आपण काही करू शकत नाही. सहाशे वर्षे होत आली, त्यांच्या जागेचा माग उरलेला नाही. आपल्या आजोबांसाठी अजून वेळ आहे.